कार्डावरची कोरी ओळ

"'गेट द बॉल रोलिंग' म्हणजे काय रे?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिनं विचारलं, तेही वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला. इंग्रजीच्या बाई त्याला 'शब्दकोश' म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. तो कानापर्यंत लाल झाला. काम अडून बसलं असलं, की कुणीतरी सुरुवात करून द्यायची... मग पुढचं आपोआप होतं, असं काहीसं म्हणाला. आणि हसला. गालावर एकच खळी— झालं, हिचा जीव तिथंच अडकला.

चार दिवस तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. पाचव्या दिवशी जिन्यात शेजारच्या तुकडीतली बॉबकटवाली मुलगी दिसली. शब्दकोश तिला तेच समजावत होता. तोच अर्थ... तीच खळी. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा न उघडताच परत गेला. आपल्याला काही पडलेली नाही, असं मैत्रिणींना ठणकावून तिनं दुपारभर बॉबकटच्या चालण्यातच काय, दप्तरातसुद्धा खोट काढली.

त्यातच सुट्टीत करायच्या विज्ञान प्रकल्पासाठी जोडी नोंदवायची मुदत शनिवारी संपत होती. शाळेची रीत अशी, की सामानाची पेटी हवी तर प्रयोगशाळेतल्या काकांकडच्या कार्डावर दोघांच्या सह्या लागत. त्याच्या कार्डावर दुसरी सही बॉबकटचीच असणार... पण बघितल्याशिवाय चैन कुठलं पडायला?

काकांनी कार्ड पुढं सरकवलं. 'वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र.' वर त्याची सही. खालची ओळ कोरी. बॉबकटनं म्हणे चुलतबहिणीबरोबर केव्हाच पेटी नेली होती. "हा मात्र रोज येऊन कार्ड बघून जातो. कुणाची वाट बघतोय, देव जाणे."

तिनं काकांचंच पेन ओढलं आणि सही ठोकली. वळली, तर दारात तो.

"कार्ड कधी भरलंस?"

"तू अर्थ विचारलास ना... त्याच दिवशी. तुला विचारायचं मात्र—"

"जगाला सुरुवात करायला शिकवतोस, आणि स्वतः?"

"स्वतः नापास."

हसू दाबत तिनं मनातला काटा काढलाच. "बॉबकटला शिकवताना हसायची काय गरज होती?"

तो बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. "ते वाक्य आलं, की तू आठवतेस... काय करू?"

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा सायकलची साखळी बसवत होते. ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"यंदा सुट्टीत मी मावशीकडे येणार नाही. प्रकल्प करणार आहे. जोडीदार मुलगा आहे, आणि मला तो आवडतो. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतेय."