विषय क्रमांक सहा

आमच्या शाखेला विधिमंडळ म्हणणं हा तसा विनोदच होता, पण तो आम्ही फार गांभीर्याने करत होतो. दुबईतल्या मूळ मंडळाने १९९९ साली ठरवलं की अजमान आणि उम्म अल कुवैनच्या मराठी मंडळींनी दर खेपेला दुबईपर्यंत गाडी हाणत येण्यात अर्थ नाही, त्यांनी आपली शाखासभा काढावी. मग विषयांची वाटणी झाली. ग्रंथालय, स्कूल बस, मराठीचे वर्ग आणि सहल आमच्याकडे. गणपती, दिवाळी आणि सरकारी पत्रव्यवहार त्यांच्याकडे. दिलेल्या विषयांवर आमचा ठराव अंतिम, त्यापलीकडे चकार शब्द काढायचा नाही.

बावीस सदस्य निवडले गेले आणि सभापती म्हणून मला बसवलं. मी क्वालिटी कंट्रोलमधला इंजिनिअर. वेल्डिंगमधली भेग शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे माणसांकडेही मी भेग शोधल्यासारखाच बघतो, असं माझी बायको सुरुची म्हणते. तिचं काही फारसं चुकत नाही.

सचिव मात्र अस्सल मिळाले. जगन्नाथकाका मुंबईच्या विधानभवनात कामकाज शाखेत तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि मुलाकडे अजमानला राहत होते. येताना मराठी टाइपरायटर घेऊन आले होते. सभा शुक्रवारी सकाळी दहाला, खाडीजवळच्या एका जुन्या व्हिलाच्या हॉलमध्ये भरायची. खिडकीतला एसी रंगाच्या रिकाम्या डब्यात ठिबकायचा, बाहेरून मासळीचा वास यायचा आणि कितीही पुसलं तरी टेबलावर वाळू असायचीच. साडेअकराला हॉल रिकामा करावा लागे, कारण जुम्म्याच्या नमाजासाठी समोरचं पार्किंग भरून जायचं. म्हणजे हाताशी नव्वद मिनिटं. त्यात कोणता विषय कितवा आणि किती मिनिटांचा, हे मी आणि काका मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चहा घेता घेता ठरवायचो. मग काका कामकाजपत्रिका टाइप करायचे. जे पत्रिकेवर आहे तेच सभेत होणार, हा नियम.

"विषय कधी नाकारू नये, अरुणराव," काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "नाकारला की माणूस भांडतो. शेवटी ठेवावा. वेळ संपते, विषय पुढच्या सभेला जातो. तिथेही शेवटीच ठेवावा. चार खेपा झाल्या की माणूस आपणच थंड होतो."

ही विद्या मी चांगलीच आत्मसात केली.

जानेवारी २००१ मध्ये गुणवंतने नोटीस दिली. तो उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. बोलायला तुटक, पण कामात चोख. त्याला मूलबाळ नव्हतं, मात्र आमची स्कूल बस दुपारी त्याच्या वर्कशॉपसमोर उभी असायची. नोटिशीत एकच ओळ होती. स्कूल बसचे मागचे दार, निवेदन, दहा मिनिटे. संकटकाळी उघडायचं ते दार आतून उघडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

ती बस माझ्या कंपनीची होती. आमच्या अरबाबकडे, म्हणजे अरब मालकाकडे, शब्द टाकून मीच ती मिळवून दिली होती आणि 'मी स्वतः तपासली आहे' असं सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी टायर पाहिले होते, ब्रेक पाहिले होते. मागचं दार पाहिलं नव्हतं. हे चारचौघांत बाहेर येऊ नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून गुणवंतचा विषय सहावा लागला. चार शुक्रवार सहावाच लागला. चौथ्या शुक्रवारी तो कागद हातात घेऊन उभाच राहिला, तेव्हा मी घंटी वाजवून म्हणालो, "सन्माननीय सदस्य, वेळ संपली."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी शर्टाच्या खिशात घातली.

सोमवारी वर्कशॉपमध्ये त्याला हार्ट अटॅक आला. तो गेला. वय एकेचाळीस.

पुढच्या सभेत शोकप्रस्ताव झाला, दोन मिनिटं उभं राहणं झालं. सदस्य गेला की त्याचा विषय आपोआप बाद होतो, असं काकांनी नियम दाखवून सांगितलं. मला वाईट वाटलं. आणि खरं तेच लिहितो, सुटल्यासारखंही वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी पत्रिकेवर पाच विषय असायला हवे होते. सहा होते. सहावा तोच, गुणवंतच्या नावासकट, दहा मिनिटे.

सभा संपल्यावर मी काकांना बाजूला घेतलं. ते रागावले. घरी नेऊन त्यांनी मला कार्बन कॉपी दाखवली. तिच्यावर पाचच विषय होते.

"तीस वर्षांत माझ्या कागदावर एक ओळ जास्त आली नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माझा संशय येतोय का?"

येत होताच. म्हाताऱ्या माणसाचं मन त्याला खात असेल, माझंही मला खायला लावायचा हा त्याचा मार्ग असेल, असा माझा हिशेब होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा मला गुणवंतच्या बायकोचाही संशय आला. अनुपमावहिनी उम्म अल कुवैनला खाजणाकाठच्या फ्लॅटमध्ये सामान बांधत होत्या. मी आडून आडून विचारलं, पत्रिका त्यांच्या हाती कधी येते का.

"मला कशाला येईल भाऊजी?" त्यांनी खोक्यावर चिकटपट्टी ओढली. "ते मात्र रोज रात्री वाचायचे हं ते निवेदन. घड्याळ लावून. दहा मिनिटांच्या वर एक सेकंद जायला नको म्हणायचे, नाहीतर अरुण घंटी मारेल."

"कागद आहे का तो?"

"त्यांच्या खिशातच होता. त्यांच्याबरोबरच गेला."

मी चहा न घेता निघालो.

त्याच आठवड्यात माझी आठ वर्षांची मुलगी, शर्वाणी, सकाळी बसकडे जाताना माझा हात सोडेना. "डॅडी, आय डोन्ट वॉन्ट द बॅक सीट. समबडी नॉक्स देअर."

"कोण ठोकतं? मागे बसतं कोण?"

"नोबडी. वी ऑल सिट इन फ्रंट नाऊ."

मी बसमध्ये डोकावलो. एकोणीस मुलं पुढच्या सीटांवर दाटीवाटीने, तिघं तिघं बसली होती. मागच्या दोन रांगा रिकाम्या. ड्रायव्हर जमाल नजर चुकवत होता.

"जमाल, पिछला दरवाजा खुलता है क्या?"

"थोडा टाइट है साब. बाहर से खुलता है. इन्शाल्ला कुछ नहीं होगा. यल्ला, लेट हो रहा है."

मी बसला जाऊ दिलं. आज हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण जाऊ दिलं. दार दुरुस्तीला काढणं म्हणजे गुणवंत बरोबर होता हे मान्य करणं, आणि तेवढं माझ्याने होत नव्हतं.

त्याऐवजी मी पत्रिकेचा बंदोबस्त केला. काकांना सुट्टी दिली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट टाकून गुरुवारी स्वतः पाच विषय टाइप केले. आता उरलेल्या एकवीस जणांच्या प्रती काढल्या, प्रत्येक प्रत वाचली, ब्रीफकेसमध्ये घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. शुक्रवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर कुलूप उघडलं आणि प्रती वाटल्या.

पाचच विषय होते. बरं वाटलं.

सहलीवर चर्चा झाली. ग्रंथालयाच्या कपाटावर झाली. पाचवा विषय संपला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मनगटावरच्याही. मी "सभा तहकूब" म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीने पत्रिकेवर नजर टाकली.

सहावी ओळ होती.

मी मान वर केली. अकरा वीस.

कोणी हललं नव्हतं. सगळे खाली मान घालून बसले होते, कोणी समोर बोलत असताना बसावं तसे. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. एसीखालचा डबा भरून पाणी फरशीवर आलं होतं. आणि घंटी माझ्या हातात होती.

"सभा तहकूब," मी म्हणालो. लोक नेहमीसारखे उठले, चपला शोधू लागले. मी दोघांना विचारलं, आत्ता काय झालं? दोघंही म्हणाले, पाच विषय झाले की. तिसऱ्याला विचारायचा धीर झाला नाही.

इतिवृत्तासाठी आम्ही टेपरेकॉर्डर लावायचो. ती कॅसेट मी भर उन्हात, समुद्रकाठच्या कॉर्निशवर उभ्या केलेल्या गाडीत ऐकली.

पाचवा विषय संपतो. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बोलणं नाही.

ठोकणं.

पत्र्यावर, आतून. आधी एक हात. मग पुष्कळ. मोठ्या माणसाचे हात असा आवाज करत नाहीत. मी घड्याळ लावून ऐकलं. हळूहळू हात कमी होत गेले. शेवटी एकच उरला, तोही थांबत थांबत.

बरोबर दहा मिनिटांनी घंटी वाजली, आणि माझा आवाज आला. "सन्माननीय सदस्य, वेळ संपली."

मी तिथूनच जमालला फोन लावला. उद्या बस निघणार नाही. मग एकोणीस घरी फोन केले आणि प्रत्येकाला सांगितलं की दार खराब आहे, गुणवंतने सांगितलं होतं आणि मी ते दाबून ठेवलं. काहींनी शिव्या घातल्या. त्या ऐकून मला बरंच वाटलं.

शनिवारी सकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये दार उतरवलं. बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. आतून खटका फिरतच नव्हता. मेकॅनिकने दार जमिनीवर उलटं ठेवलं आणि आतल्या बाजूची फोमची गादी सोलून काढली.

खालचा पत्रा बाहेरच्या बाजूला दबलेला होता. एका ठिकाणी नाही, पुष्कळ ठिकाणी. सगळ्या खुणा माझ्या कमरेच्या खाली येतील एवढ्या उंचीवर. मी एका खळग्यात हात ठेवून पाहिला. माझी तीनच बोटं मावली.

"ये कब हुआ?" मी विचारलं.

जमाल मागे सरला. "नहीं हुआ साब. इस गाडी का अॅक्सिडेंट कभी नहीं हुआ. अल्ला कसम."

फोमवर एक ओरखडाही नव्हता.

त्याच दिवशी नवं दार बसवलं. मी आत बसून ते वीस वेळा उघडलं. सोमवारी शर्वाणी मागच्या सीटवर बसून गेली आणि संध्याकाळी म्हणाली, "नो नॉकिंग, डॅडी." मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

बुधवारी काका मुंबईला परत गेले. विमानतळावर मी त्यांची माफी मागितली.

शुक्रवारची पत्रिका मीच काढली. पाच विषय. सहावा आलाच तर विषय निकाली निघाल्याची नोंद असेल, निदान जुनी ओळ तरी नसेल, अशी माझी समजूत होती. कुलूप उघडलं, प्रती वाटल्या, स्वतःची प्रत पुढे ओढली. टेबलावरची वाळू कागदाखाली करकरली.

सहावी ओळ होती. गुणवंतचं नाव आता नव्हतं. नावाची जागा मोकळी होती.

स्कूल बस. विषय पुढे ढकलला आहे. तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

आणि वेळेच्या रकान्यात, होती तशीच, दहा मिनिटे.