चौथ्या ठोक्यानंतर

नव्या मुली वॉर्डात आल्या की मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: अंगठ्याने नाडी बघायची नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, समोरचा पेशंट गेला असला तरी ती ठोके देत राहते. मुली हसतात. मग एखादी अंगठा लावून बसते आणि माझी बोलणी खाते.

बावीस वर्षं मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आहे. लोकांना वाटतं, इथे नाकं सरळ करून देतात. प्रत्यक्षात येतात ती भाजलेली, यंत्रात हात गेलेली, कॅन्सरने चेहरा खाल्लेली माणसं. त्या सोमवारी दोन नंबरच्या खोलीत आलेली बाई शाळेची बस चालवायची. कॅन्सरमुळे तिचा उजवा गाल काढावा लागला होता. दुसऱ्या एका हॉस्पिटलात मांडीचं मांस लावून तो भरला होता, पण ते चौथ्या दिवशी काळं पडलं. आमच्या मोठ्या सरांनी दुसऱ्या मांडीचा तुकडा रक्तवाहिनीसकट उचलून गालावर बसवला आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडली. अशा तुकड्याला आम्ही फ्लॅप म्हणतो. हा गेला, तर तिसऱ्यासाठी मानेत जोडण्याजोगी वाहिनीच उरली नव्हती. तिच्या भावाला हे सगळं सांगितलेलं होतं. तो दाराबाहेर बसून असायचा आणि मी बाहेर आले की आधी माझा चेहरा वाचायचा.

फ्लॅपवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. दर तासाला रंग, ऊब, मऊपणा बघायचा. शेवटी डॉप्लर, म्हणजे पेनासारखं यंत्र, कातडीवर टेकवायचं. आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज त्यातून ऐकू येतो, नाडीच्या तालात. आवाज गेला की सरांकडे धावायचं, कारण काही तासांत वाहिनी उघडली नाही तर सगळं संपलं.

मंगळवारी सकाळी दहाला मी डॉप्लर टेकवला. आवाज मोकळा आणि चांगला होता. मॉनिटरवर तिचं हृदय एका लयीत बहात्तरने चाललं होतं. गालात मात्र चार ठोके पडत होते आणि एक चुकत होता. पुन्हा चार पडत, पुन्हा एक चुकत.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. हात बदलला, बॅटरी बदलली, माझी नाडी पाहिली. ती सरळ होती. मग दुसऱ्या सिस्टरच्या हातात यंत्र दिलं. तिने मॉनिटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा घेऊन येते म्हणाली. ती ड्यूटी संपेपर्यंत त्या खोलीत फिरकली नाही.

तक्त्यावर मी ‘आवाज आहे’ असं लिहिलं. कोणाचा, हे त्या रकान्यात विचारलेलं नाही.

दुपारी मोठे सर राउंडला आले. बाकीच्या सर्जनांचे शंभरात चार-पाच फ्लॅप जातात. सरांचा अकरा वर्षांत एकही गेला नव्हता. आम्हाला त्याचा अभिमान होता, बाहेरचे डॉक्टर मात्र ते आकडे ऐकून गालात हसायचे. त्या दिवशी गाल तपासून सरळ होताना सरांना चक्कर आली. त्यांना खुर्चीत बसवून मी त्यांचं मनगट धरलं. तीन बोटांनी, अंगठ्याने नाही.

चार ठोके. एक चुकला. चार ठोके.

“सर, हे कधीपासून आहे?”

“बरीच वर्षं,” ते म्हणाले. “फ्लॅप कसा आहे ते सांगा.”

गुलाबी आहे, असं मी सांगितलं.

बुधवारी ओपीडीत एक फरशी बसवणारा तपासणीला आला. सरांनी तीन वर्षांपूर्वी अशाच फ्लॅपने त्याची हनुवटी तयार केली होती. काहीतरी निमित्त काढून मी तिथेही डॉप्लर टेकवला. चार ठोके, एक चुकला. सगळं ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हणाले आणि यंत्र खिशात टाकलं.

गुरुवारी सकाळी सर जिन्यात कोसळले. खालच्या मजल्यावर त्यांना हृदयाच्या ऑपरेशनला घेतलं.

“मग आता हिला कोण बघणार?” भावाने विचारलं.

“मी बघतेय ना,” मी म्हणाले. माझं मलाच ते पटलं नाही.

त्यानंतर मी खोली सोडली नाही. दर पाच मिनिटांनी डॉप्लर लावत राहिले.

नऊ चाळीसला ठोके थांबले. आवाज थांबला नाही. नळ अर्धवट उघडा राहावा तशी एकसारखी धार ऐकू येत होती. खाली सरांचं हृदय थांबवून रक्त यंत्रावर घेतलं असणार. त्या यंत्राला ठोके नसतात.

बाईचं हृदय बहात्तरनेच चाललं होतं.

साडेदहाला फरशीवाला दारात उभा राहिला. हनुवटीला रुमाल दाबून धरलेला. सकाळपासून गार पडल्यासारखं वाटतंय, म्हणाला. मी त्याला भावाशेजारी बसवलं.

बारा पन्नासला धार बंद झाली.

सर गेल्याचा फोन त्यानंतर सहा मिनिटांनी आला.

मी ज्युनियर डॉक्टरला बोलावलं. त्याने डॉप्लर सगळीकडे फिरवून पाहिला. फ्लॅपला सुई टोचली. रक्ताचा थेंबही आला नाही. तरी गाल गुलाबी होता, मऊ होता, उबदार होता.

“थांबू या,” तो हळूच म्हणाला.

बाहेर फरशीवाल्याने रुमाल काढला होता. आता ऊब आली, म्हणाला, आणि घरी गेला.

शनिवारपर्यंत तसंच राहिलं. आवाज नाही, रक्त नाही, रंग गुलाबी. फ्लॅप वाचला म्हणून भाऊ रडला. सर गेल्याचं बाईला कोणीच सांगितलं नव्हतं. थोडी ताकद येऊ दे, मग सांगू, असं ठरलं होतं.

दुपारी तिने मला खुणेने जवळ बोलावलं. गळ्यात श्वासाची नळी होती, त्यामुळे ती पाटीवर लिहून बोलायची. तिने सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

‘आता खूप बरं आहे. सरांना सांगा, गालावरचा हात काढला तरी चालेल.’

खोलीत आम्ही दोघीच होतो. तरी मी ती पाटी ओढून घेतली आणि सरांच्या नजरेला पडायच्या आत पुसून टाकली.