भिंतीतून बोलावलेली

जरा पुढे सरका, आणि ती मेस्कलची बाटली इकडे द्या. ही गोष्ट माझ्या साडूची, नासारिओ गवंड्याची. भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी, दोन मे, गुरुवार. रात्रीचे पावणेबारा.

काम साधं होतं. आपल्या सान माकारिओच्या चर्चपाशी जायचं, भिंतीला तोंड लावून मुलीला हाक मारायची आणि परत यायचं.

भिंतीतला शेवटचा दगड बसवण्याआधी आपण तिथे वावरलेल्या प्रत्येकाला नावानं हाक मारतो, "चल, घरी जाऊ." नाहीतर त्याचा जीव आतच राहतो. हस, सेफेरिनो! परवा तुला विसरलो असतो म्हणजे कळलं असतं.

नासारिओनं चर्चची पडकी कमान जोडली, सहाही गड्यांना हाका मारल्या, दगड बसवला. गवंड्यांचा सण तोंडावर, सगळी घाई. जेवण घेऊन आलेली ओतिलिया, त्याची नऊ वर्षांची पोर, त्याच्या ध्यानातच राहिली नाही. त्या संध्याकाळपासून तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी डोळे उघडे, पण ओळख नाही.

"दगड काढ ना मग!" बायको एमेतेरिया म्हणाली.

"अख्खी कमान खाली येईल. उद्या सणाला सगळा गाव तिच्याखाली उभा राहणार."

"मग जा, हाक मार. आणि तिला आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

गेला बिचारा. मेणबत्ती लावली, मेस्कलचे चार थेंब जमिनीला दिले, भिंतीला कान लावला.

"बाबा..."

आतून. स्पष्ट.

तो हाक मारणार, तोच तिच्यामागून दुसरी पोर रडली. मग तिसरी. आणखी आतून... आणखी खालून...

आपले पूर्वज जुनं देऊळ बुजवून त्याच्यावरच नवं चढवायचे. मग पाद्री आले. त्यांनी वरचं पाडून त्याच दगडांचं चर्च उभारलं. दर खेपेला कुणाचं ना कुणाचं नाव घ्यायचं राहिलंच असणार.

नासारिओनं तोंड उघडलं. मेणबत्ती विझली. नाव... नावच आठवेना. पोटच्या पोरीचं!

"पोरी..." तो कसाबसा ओरडला, "चल... घरी जाऊ."

नावाविना हाक. ऐकणाऱ्या कितीतरी.

तो घराच्या वाटेला लागला.

मग मागे पावलं. अनवाणी.

वळून बघायचं नसतं. त्यानं बघितलं नाही.

घरी ओतिलिया उठून बसलेली. मक्याच्या चार टॉर्टिया खाल्ल्या तिनं. एमेतेरिया रडली, हसली, पोरीला कुशीत घेऊन झोपली. उजाडताना नासारिओ देवाचे आभार मानायला पुन्हा चर्चपाशी गेला. सहज भिंतीला कान लावला.

"बाबा... मला नाही का नेणार?"

आता नाव आठवलं. "ओतिलिया! ओतिलिया!" दुपारपर्यंत ओरडत होता. भिंतीवर हात आपटून आपटून रक्त काढलं. कुणी आलं नाही मागे. बाहेर फटाके, बँड... जास्त झाली म्हणत लोकांनी त्याला हसत हसत घरी आणला. काय करणार होता तो? आणि कुणाला सांगणार होता?

मला एमेतेरियानं बोलावून घेतलं. दारापासून खाटेपर्यंत चुन्याची पांढरी पावलं उमटली होती. फक्त आत येणारी.

मी ओतिलियाचा पाय उचलून एका ठशावर ठेवला.

ठसा दोन बोटं लहान होता.