कार्ड असेल तर तासभर

शटरच्या फटीला नाक लावून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला—

“आत काय शिजतंय?”

“बुरशी,” मी वळून न बघताच म्हटलं.

खोटं नाही सांगत. केरळातल्या वटकऱ्यातलं आमचं कापडाचं दुकान साथीच्या हुकमाने बंद, बाहेर पावसाळी दमट हवा, आणि आत मुंडूंच्या, म्हणजे आमच्याकडच्या धोतरांच्या, आणि कसवाच्या जरीकाठी वस्त्रांच्या थप्प्या कोंडलेल्या. ओणमच्या आत माल सडला, तर अच्छनचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकानच बुडालं. समोरचं सुपरमार्केट मात्र दिवसभर उघडं! खाली तांदूळ विकतात, म्हणून वरच्या मजल्यावर मुंडू विकले तरी त्यांना कुणी हटकत नव्हतं. आम्हाला मुभा एवढीच, की गिऱ्हाइकाने लग्नाचं कार्ड आणलं तर तासभर शटर वर.

मी वळले. छत्रीखाली मास्क, मास्कच्या वर हसरे डोळे... मागच्या गल्लीतल्या छापखान्याचा शिनोज.

“कार्ड आणलंय. उघडा.”

“कुणाचं लग्न?”

“मित्राचं.”

आत आला आणि एक वस्त्र धड बघेना! थप्प्या उतरव, झटक, पंख्याखाली पसर, असा त्याचा उद्योग चालला.

“अहो, घ्यायचंय काय?”

“रंग ठरत नाहीये.”

“मुंडू पांढराच असतो!”

“तेच ना... कुठला पांढरा?”

कित्येक दिवसांनी मला हसू फुटलं. त्याच्या बाहीवरची बुरशी झटकताना माझी बोटं त्याच्या मनगटाला लागली, आणि आम्ही दोघंही चटकन मागे सरलो. साथीचं तर निमित्त होतं.

तो पुन्हा आला, नवं कार्ड घेऊन. मग पुन्हा. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं कळलंच नाही.

“अरे, मित्र आहेत की लग्नाचा कारखाना?”

“छापून पडलीत गं ही कार्डं. लग्नं पुढे ढकलली, न्यायला कुणी आलंच नाही. माझाही छापखाना बंदच आहे. म्हटलं, तुझं कापड तरी वाचेल...”

लबाडी होती, कळत होतं. पण अच्छन अंथरुणातून रोज विचारायचे, “मालाला हवा दिलीस का, मोळे, पोरी?” मी तोंड मिटलं. शिवाय, खरं सांगू? मी त्या तासाची वाट बघायला लागले होते.

मग एका दुपारी हवालदार राघवन आत आले. गल्ल्यावरचं कार्ड उचलून त्यांनी नाव वाचलं.

“विपिन... कुरियाडीचा?”

“हो,” शिनोज म्हणाला.

“तो गेला. सोमवारी. घरच्यांना जवळ येऊ देत नव्हते, मीच उभा होतो चितेपाशी.”

शिनोजच्या हातातला मुंडू खाली पडला. “दोन महिने पुढे ढकलतो म्हणाला होता... फक्त दोन महिने.”

राघवन वाईट माणूस नव्हेत. कार्ड त्यांनी जपून खिशात ठेवलं. “पोरी, दुकान सील करावं लागेल. हुकूम उठेपर्यंत.”

“समोर वरच्या मजल्यावर कार्ड विचारता का, साहेब?”

“त्यांच्याकडे तांदूळ आहे.”

“आणि कापडवाल्यांची पोटं काय कापूस खातात?”

त्यांनी मान खाली घातली. कुलूप मात्र बाहेर काढलं. मला रडू आवरेना. ओणमपर्यंत आत काय उरणार होतं?

“एक मिनिट, साहेब.” शिनोजने फळीवरची कसवाची जोडी काढली, पैसे गल्ल्यावर ठेवले आणि वस्त्र माझ्यापुढे धरलं.

आमच्याकडे मुलाने मुलीला पुडव, म्हणजे नवं वस्त्र, दिलं की लग्न लागलं. बाकी सगळी जेवणावळ. राघवन बघतच राहिले.

“वेडा झालास?” मी पुटपुटले. “आता यानं दुकान नाही वाचत.”

“म्हणून तर आत्ता देतोय. आधी दिलं असतं, तर तुला वाटलं असतं दुकानासाठी दिलं.” “आणि मला पुढे नाही ढकलायचं, प्रजिशा... काहीच.”

राघवन खाकरले. “घेतेस, की लावू कुलूप?”

मी दोन्ही हातांनी पुडव घेतलं आणि पायरी उतरले.

“लावा,” मी म्हटलं.