रिकामं फंक्शन

सासऱ्यांचा कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच झाला नाही, आणि घर मुकं झालं.

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला आणि म्हातारपणी डोळ्यांनीच दगा दिला. तेव्हापासून पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम हाच त्यांचा विरंगुळा होता. तो कुणा कंपनीचा नव्हता. हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, हवा त्यानं उघडून पाहावा आणि बदलावा असा. आवाज पुरुषी, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. पण सवयीनं तोही घरचा झाला होता.

सून प्रोग्रामर. तिचं एक जास्तीचं मशीन पडून होतं, पण ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. दोन्ही सिस्टिम युनिक्सच्याच घराण्यातल्या, पण सख्ख्या नव्हेत, चुलत. तोंडवळा सारखा, घरच्या रीती निराळ्या. इकडचा प्रोग्राम तिकडे न्यायचा म्हणजे त्याला त्या रीती शिकवायच्या. नवरा कामासाठी परगावी होता. सासरे दिवसभर खिडकीपाशी गप्प बसत, ताटातलं निम्मं तसंच ठेवत. ते बघवेना, तेव्हा सुनेनं रजा टाकली आणि सासऱ्यांच्याच खोलीत टेबल मांडलं.

काम किचकट होतं, पण सरळ होतं. एक चूक दुरुस्त केली की तिच्यामागे लपलेली दुसरी पुढे येई. शेवटी आवाजाचा भाग राहिला. नव्या सिस्टिमची स्पीकरशी बोलायची पद्धत पारच वेगळी होती. ते नंतर बघू म्हणून तिनं त्या जागी एक रिकामं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा आतून कोरा तुकडा, ठेवलं. त्यानं फक्त आलेलं वाक्य घ्यायचं, काहीही करायचं नाही, आणि 'झालं' म्हणून परत यायचं. एवढ्यानं बाकीचा प्रोग्राम तरी तयार झाला. ती चहा टाकायला उठली.

परत आली तर सासरे टेबलाशी बसलेले. बोटं कळांवर, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं समाधान.

"आवाज बदललास वाटतं," ते म्हणाले. "हा बरा आहे."

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. स्पीकरची वायर तर अजून जोडलेलीही नव्हती. म्हाताऱ्या माणसाला भास होत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. त्यांना दुखवायला नको म्हणून हो ला हो केलं. पण प्रोग्रामरचा जीव, स्वस्थ बसवेना. तिनं मनाला येईल तो परिच्छेद टाइप केला, मुद्दाम एक चूक पेरली, आणि काही न सांगता त्यांच्यापुढे ठेवला.

सासऱ्यांनी कळ दाबली. बराच वेळ ऐकलं.

"दिव्यातला दि दीर्घ काढलायस," ते म्हणाले. "ती तिथे अडखळली."

पेरलेली चूक नेमकी तीच होती. बाकीचा परिच्छेदही त्यांनी शब्दन् शब्द सांगितला.

तिनं हेडफोन लावून पाहिले. नुसती शांतता. मग मशीनमधली प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवायची सोय केली आणि पुन्हा वाचायला लावलं. रिकाम्या फंक्शननं डोळ्याचं पातं लवायच्या आत परत यायला हवं होतं. ते येत नव्हतं. छोट्या वाक्याला थोडा वेळ, लांबलचक वाक्याला जास्त. एखाद्या माणसाला मोठ्यानं वाचायला जेवढा लागेल, तेवढाच.

मूळ प्रोग्राम सांभाळणाऱ्या गृहस्थांना तिनं कळवलं. त्यांचं उत्तर तुटक होतं: ते फंक्शन रिकामं असेल तर प्रोग्राम एक अक्षरही बोलू शकत नाही, तुमचं मशीन तपासा. तिनं तपासलं. मशीन ठणठणीत होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं धीर करून विचारलंच, की आवाज सासूबाईंसारखा आहे का. सासूबाई जाऊन बराच काळ लोटला होता.

सासरे हसले. "तिचा आवाज मी ओळखणार नाही का? ही दुसरीच कोणी. पण वाचते छान. घाई करत नाही."

ते सांगताना त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं होतं. सुनेला त्या रात्री घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं आवाजाचा भाग लिहून पुरा केला. स्पीकर जोडले. जुना पत्र्याचा आवाज खणखणीत बोलू लागला आणि तिच्या जिवात जीव आला. सासऱ्यांनी एक पान ऐकलं आणि हात मांडीवर घेतले.

"हे मशीन आहे," ते म्हणाले. "तिचं निम्मंच वाचून झालं होतं."

मग ते पुन्हा खिडकीपाशी गेले. ताटात पुन्हा निम्मं उरू लागलं. पुढे पुढे तर ते अंथरुणातून उठायलाही टाळाटाळ करू लागले. सून रोज त्यांच्याकडे बघे आणि रोज मनाशी वाद घाली. जे समजत नाही ते घरात ठेवायचं का? आणि ज्यानं माणूस उठून बसतो, ते केवळ समजत नाही म्हणून काढून टाकायचं?

अखेर तिनं आपलं नीट चालणारं काम सगळ्यांना वापरता यावं म्हणून त्या मूळ प्रोग्रामवाल्या गृहस्थांकडे पाठवून दिलं. लोकांनी आभार मानले. घरच्या मशीनवर मात्र तिनं स्वतःच्या हातानं आवाजाचा भाग पुसून ते फंक्शन पुन्हा रिकामं केलं.

सासरे सुधारले. दुपारभर टेबलाशी बसू लागले, ऐकता ऐकता मान डोलवू लागले. सूनही कधीमधी कपड्यांच्या घड्या घालत शेजारी बसे. त्या शांततेची तिला सवय होत चालली होती.

अशाच एका दुपारी तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. मजकूर केव्हाच संपला होता. पडदा कोरा होता. सासऱ्यांची बोटं कळांवर नव्हती, पण मान तशीच कललेली होती.

"हो, इथेच बसलीय," ते म्हणाले.

सुनेचे हात थांबले. ते तिच्याशी बोलत नव्हते.

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग आवाज आणखी खाली आणून, समजावल्यासारखं म्हणाले,

"नाही. तिला अजून ऐकू येत नाही."