भिंगरी अजून वाटेतच होती

१९७४ साल. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या. मला मात्र ते सोडता आलेलं नाही.

माझी धाकटी बहीण धावायची. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. तिच्या शर्यतीसाठी आम्ही पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो होतो. ती, तिचे मास्तर आणि पायांना मालिश करायला मी. संघात जागा मिळवायची तिची ही शेवटची संधी होती.

तिकडे दुपार असली की आपल्याकडे मध्यरात्र. मास्तरांनी विमानातच आमची घड्याळं फिरवायला लावली. घड्याळ फिरलं की शरीरही फिरतं, म्हणाले.

माझं फिरलं. तिचं नाही.

उन्हात बसल्या जागी ती पेंगायची. रात्रभर डोळे टक्क उघडे. मास्तर आधी हसले. "सामान आलं, बाई मागेच राहिली," म्हणाले. मीही हसले.

मग आईचा फोन आला. तिने नेहमीसारखं विचारलं, नीट पोचलीस ना?

भिंगरी म्हणाली, "नाही गं आई, अजून वाटेतच आहे."

ती थट्टा करत नव्हती.

सरावाची धावपट्टी कोळशाच्या भुकटीची होती. प्रत्येकीच्या पायाखाली कर्र कर्र वाजायची. भिंगरी पळाली आणि...

काहीच वाजलं नाही.

मालिश करताना तिच्या पोटऱ्या हाताला थंडगार लागायच्या. कितीही चोळलं तरी ऊब येईना. मी मास्तरांच्या हातापाया पडले, तिला घरी नेऊ या म्हटलं. ते म्हणाले, शर्यत झाल्यावर.

शर्यतीच्या दिवशी दुपारी ती हॉटेलच्या खोलीत गाढ झोपली. मी तिचे तळवे चोळत होते. मास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात खोल्यांमधल्या बोळात आवाज आला...

कर्र... कर्र...

बाहेर स्वच्छ पुसलेली फरशी होती. भुकटीचा कणही नव्हता.

पावलं आमच्या दाराशी थांबली.

"ताई, दार उघड गं. फार लांबून चालत आलेय."

आवाज भिंगरीचाच. दमलेला, रडवेला. मी पलंगाकडे पाहिलं.

पलंगावरच्या भिंगरीने डोळे उघडले होते.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "मी पोचलेय."

मास्तरांनी दाराला पाठ लावली. मी त्यांना ढकललं, ओरबाडलं, शेवटी कडी काढली...

बोळ रिकामा. फक्त जिन्यावरून आवाज खाली जात होता. मी अनवाणी धावले. रस्त्यावर लख्ख ऊन, गाड्या, माणसं. वेड्यासारख्या तिला हाका मारत राहिले. गर्दीत तो आवाज कुठे विरला, कळलं नाही.

संध्याकाळी भिंगरी पहिली आली. मास्तरांनी टाळीसुद्धा वाजवली नाही.

परतल्यावर मास्तरांनी शिकवणं सोडलं. वारले तोवर त्या दुपारचा विषय त्यांनी काढू दिला नाही. आईने लेकीला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्याच वर्षी आई गेली. भिंगरी संघात गेली, नावारूपाला आली, तिने संसार केला. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. माझं सगळं मायेने करते. तिच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही.

फक्त त्या दुपारनंतर तिने मला कधी ताई म्हटलेलं नाही. नावानेच हाक मारते.

ती झोपली की मी हळूच पुढच्या दाराची कडी काढून ठेवते.