उलटा पत्रा

मलकपेठच्या पुढे लढाईच्या काळातली एक ओसाड धावपट्टी होती. तिथे रविवारी मोटारींच्या शर्यती होत. गाड्या घरच्याच, जुन्या, मडगार्डं काढलेल्या. मी सरकारी कारकून, पण शर्यतींचा नाद भारी. रविवारी फेऱ्यांचा फळा लिहिणाऱ्या नरहरच्या शेजारी बसून मी फेरे मोजायचो. फळ्यावर प्रत्येक ड्रायव्हरच्या नंबरचा पत्रा खिळ्याला टांगलेला असे. ड्रायव्हर मेला की त्याचा पत्रा उलटा करायचा आणि तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हा आमचा रिवाज.

तीन पत्रे उलटे होते. तीन नंबर प्रतापरावचा. गाडीत बसण्याआधी तो अर्धं पान मला द्यायचा. आठ उमाजीचा, अकरा सज्जादचा. गळ्यात पांढरा रुमाल बांधल्याशिवाय सज्जाद चाक हातात घेत नसे. तिघांनीही तिशी पाहिली नाही.

पाच नंबर माझ्या धाकट्या भावाचा, मधुकरचा.

छप्पन सालचा ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. गुरुवारी हैदराबाद राज्य मोडणार होतं. माझी बदली औरंगाबादला झाली होती आणि काचीगुड्याच्या घरात सामान बांधून तयार होतं. मधुकरची ही इथली शेवटची शर्यत. त्याला धड घरी आणीन, असा आईला शब्द देऊन मी निघालो होतो.

फळ्यापाशी आलो, तर चार पत्रे उलटे.

मी पाच नंबर सुलटा केला. पाणी पिऊन परत येतो, तर पुन्हा उलटा. जवळ फक्त नरहर. माझी बदली झाल्यापासून तो माझ्यावर फुगून होता.

"नरहर, असली मस्करी नक्को."

"अप्पाराव, मी हात नाही लावला. आईशप्पथ."

त्याचे हात खडूने पांढरे होते. पत्र्यावर मात्र एकही बोट उमटलेलं नव्हतं. तरी माझा विश्वास बसेना. पत्रा पुन्हा सुलटा केला आणि नरहरवर डोळा ठेवून बसलो. एक इंजिन सुरू झालं, मी क्षणभर मान वळवली. पत्रा उलटा.

मी तडक मधुकरकडे गेलो.

"किल्ली दे."

"अण्णा, शेवटची शर्यत आहे ना!"

"दे म्हणतो ना!"

त्याने किल्ली दिली. गॉगल गाडीत फेकला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात माझ्या बाकावर येऊन बसला.

बाकीच्या पाच गाड्या सुटल्या. नरहर खडूने रेघा ओढत होता. तिसऱ्या फेऱ्याला माझं लक्ष गेलं. पाच नंबरखाली तीन रेघा.

"हे काय?"

"गेली की समोरून, आत्ताच."

मी उठलो. मधुकरची गाडी मागे लिंबाखाली उभी होती. बॉनेटला हात लावला, थंड. किल्ली माझ्या खिशात.

मी रेघा पुसल्या. पुढच्या फेऱ्याला नरहरने पुन्हा ओढली.

"मला दिसतेय, अप्पाराव."

सातव्या फेऱ्याला त्याने पाचखाली रेघ ओढली नाही. दूरच्या वळणाकडे पाहत खडू खाली ठेवला.

मी पाहिलं. वळण मोकळं होतं.

शर्यत संपली. पाचही गाड्या सुखरूप आल्या. मला रडूच फुटलं. शब्द पाळला होता मी.

"अण्णा, पाणी."

मी वळलो. मधुकरच्या शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. चेहरा मात्र लाल धुळीने माखला होता आणि दोन्ही डोळ्यांभोवती, गॉगल बसतो तेवढीच, दोन स्वच्छ वर्तुळं होती.